रोटरमधल्या अक्षता

अक्षता मी टाकल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाच्या मनात शंका नको. आमच्या जुन्या कंपनीतली माणसं अजूनही कुठे लग्नात-बिग्नात भेटली की हसत हसत विचारतात, "काय मॅडम, तांदूळ घेतलेत ना हातात?" आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्या कौतुकानं ती गोष्ट सांगायला बसतात. लग्नच असतं, सगळ्यांच्या हातात खरोखरच अक्षता असतात, त्यामुळे विनोद जमतोही. मी हसत नाही. इतकी वर्षं झाली, पण अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून कारखान्यांच्या ज्या रांगा आहेत त्यातल्या एका गल्लीत आमची कंपनी होती. व्हॅक्यूम पंप बनवायची. साधे, तेलावर चालणारे पंप. तळोज्याच्या केमिकलवाल्यांना हे असलेच लागायचे. मी तिथे डिझाइनला होते. डिझाइन सेक्शन म्हणजे शॉपच्या, जिथे मशीनं चालायची त्या शेडच्या, कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन, एक ड्रॉइंग बोर्ड, एक डुगडुगणारा स्टूल आणि मी. कंपनीच्या मालकांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. तेही इंजिनियरच होते, पण फार पूर्वी झालेले. त्यानंतर त्यांनी कधी काही शिकायचा त्रास घेतला नाही.

एकदा साहेब मुंबईतल्या कुठल्याशा संशोधन संस्थेत जाऊन आले आणि तिथून येताना डोक्यात किडा घेऊन आले. म्हणाले, "आपण टर्बोमॉलिक्युलर पंप करायचा. सगळे बाहेरून मागवतात. बिघडला की दुरुस्तीला परत परदेशी पाठवतात, महिनेच्या महिने काम अडून राहतं. आपण इथे बनवला तर लोक दारात येऊन उभे राहतील." कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. मी तर आनंदानं उडालेच.

त्या पंपाचं नाव अवघड आहे, काम तेवढं अवघड नाही. बंद भांड्यातली हवा साधा पंप काढतो, पण शेवटी जी थोडी उरते ती इतकी विरळ असते की ओढली तरी येत नाही. तिचे कण एकमेकांना भेटतच नाहीत, कॅरमच्या सोंगट्यांसारखे नुसते भिंतींवर आपटत फिरतात. त्यांना एकेकाला टपली मारून खाली ढकलावं लागतं. त्यासाठी आत तिरक्या पात्यांची चक्रं एकाखाली एक बसवतात आणि भयानक वेगानं फिरवतात. हा फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याच्या दर दोन चक्रांमध्ये एक स्थिर पात्यांचं चक्र असतं. फिरणारं पातं आणि स्थिर पातं यांच्यात फट असते जेमतेम नखाच्या जाडीची. त्या फटीतच सगळा खेळ आहे.

साहेबांनी परदेशी बनावटीचा एक जुना बंद पडलेला पंप पैदा केला, तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जसाच्या तसा उतरवा. डोकं चालवायचं नाही."

डिझाइन इंजिनियरला सांगायचं, डोकं चालवायचं नाही! मग मला कशाला ठेवलंय, टेबल पुसायला?

उतरवला जसाच्या तसा. बनवला, चालवला आणि व्हायचं तेच झालं. व्हॅक्यूम येईना. साहेब कामगारांवर ओरडले, मशीनवर ओरडले, शेवटी माझ्यावर ओरडले. कारण सरळ होतं आणि मी ते आधीच सांगितलं होतं. त्या लोकांची फट आमच्यापेक्षा खूपच बारीक होती. आमच्या मशीनांवर तेवढी येत नव्हती. फट मोठी झाली की वरून ढकललेले कण त्याच फटीतून परत वर निसटतात. त्यांच्या पात्यांचे कोन त्यांच्या फटीला बरोबर होते. दुसरीच्या मापाचा ब्लाउज घालायचा आणि शिंप्याच्या नावानं खडे फोडायचे, त्यातला प्रकार. आमच्या फटीला आमचे कोन शोधायला हवे होते.

ते शोधायला मी बसले. साहेबांनी परवानगी दिली ती "बघा काय बघायचं ते" अशी, हात झटकून. कंपनीत कॉम्प्युटर एकच, तो अकाउंट्सच्या खोलीत. अकाउंटंट जेवायला उठला की मी माझा डबा घेऊन त्याच्या खुर्चीत. एका हातात पोळीभाजीचा घास, दुसऱ्या हातानं आकडे. वरची पाती उघडी ठेवली की कण भराभर आत येतात, पण परतही भराभर जातात. खालची पाती आडवी केली की परत जाणं थांबतं, पण मग खाली ढकलायचा वेग मार खातो. चक्रं वाढवावीत तर रोटर लांब होतो, जड होतो, थरथरायला लागतो. इकडून ओढलं की तिकडून उघडं पडायचं. दिवसचे दिवस मी त्यातच होते. बसमध्ये खिडकीशी बसून पास ठेवायच्या पाकिटावर पात्यांचे तिरके दांडे काढायचे. शेवटी जमलं. चक्रं त्यांच्यापेक्षा कमी, वरची उघडी, मधली थोडी मिटलेली, खालची जवळजवळ निजलेली, आणि आमच्याच मोठ्या फटीत चालणारी. दुसऱ्याचं कॉपी केलेलं नाही. माझं.

आमचा फोरमन दिघ्याला राहायचा. मूळचा खाडीकाठच्या गावातला, हात सोन्यासारखा आणि तोंड फाटकं. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून त्यानं तो रोटर कापून काढला आणि माझ्यासमोर धरला. "म्याडम, ह्यो पंप न्हाय, फूल हाय फूल." आणि खरंच, वरून बघितलं की पाकळ्या पाकळ्या दिसायच्या. मला त्या दिवशी घरी जाताना कुणाला तरी धरून सांगावंसं वाटत होतं.

अर्ध्या वेगावर चालवून पाहिला. पहिल्या नकलेनं जन्मात दिला नसता इतका चांगला व्हॅक्यूम आला. पूर्ण वेगाची चाचणी साहेबांनी राखून ठेवली. म्हणाले, "ती संस्थेच्या लोकांसमोरच करू, इम्प्रेशन पडेल." आणि मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "चालला तर हाच बनवायचा. नाही चालला तर मी परदेशी पंप आणून विकणार आणि डिझाइन सेक्शन बंद. तुम्हाला सेल्सला घेऊ, तुमचं इंग्लिश चांगलं आहे." पाहुणे येणार होते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझं सगळं त्या एका चाचणीवर होतं.

मध्ये आली खंडेनवमी.

आता पूजेवर माझा राग नाही, हेही ऐकून ठेवा. कारखान्यातली खंडेनवमी मला फार आवडायची. मशीनं पुसून लख्ख करायची, लेथला झेंडूची माळ, ड्रिलला झेंडूची माळ, अगदी गेटवरच्या वजनकाट्यालाही आंब्याचा डहाळा. एरवी शिव्या घालत काम करणारी माणसं त्या दिवशी आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून यायची. पण ताट कोण धरणार? "मॅडम धरतील." मला कुणी विचारायचं नाही. शॉपमध्ये बाई मी एकटी, म्हणजे हळदकुंकू, रांगोळी, आरतीचं ताट हे माझंच. इतर इंजिनियर हात मागे बांधून उभे. इंजिनियर मीही होते हो! पण ताट आलं की मी बाई.

मी पंपाला जाळी आणि वर झाकण, दोन्ही घट्ट बसवून ठेवलं होतं. पंपाच्या तोंडावर बारीक जाळी असते, आत कचरा जाऊ नये म्हणून. साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून आले, बरोबर फोटोग्राफर. पंपाजवळ आले आणि थबकले. "हे काय? झाकून ठेवलाय? देवीला दिसायला नको का? काढा ते."

फोरमननं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, वरून बाहेरच्या अंगाला लावा ना कुंकू. आत काही पडलं तर..."

"अहो मॅडम, देवाचं आहे. देवाच्या कामानं कुणाचं वाईट होतं का?"

बोलले असते तर मीच धर्मबुडवी ठरले असते. झाकण निघालं, जाळी निघाली. रोटर चमकत होता. साहेबांनी मी धरलेल्या ताटात हात घातला. अक्षता त्या सकाळीच कुंकू कालवून केलेल्या, अजून ओलसर. माझी बोटं लाल झाली होती. त्यांनी चिमूट नाही, चांगली मूठ उचलली आणि देवाला वाहावी तशी सरळ रोटरच्या पाकळ्यांत वाहिली. फ्लॅश उडाला. टाळ्या झाल्या. मी ताट धरून तिथेच उभी होते, त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

पेढे वाटून झाल्यावर मी मागे लागले. पंप पूर्ण उघडू द्या, चक्र न् चक्र सुटं करून साफ करते, परत बॅलन्स करून बसवते. पाहुण्यांना दोन दिवस पुढे ढकला. साहेब म्हणाले, "तारीख दिलेली आहे." फोरमनला सांगून त्यांनी पंप उलटा करून झटकवला, हवेचा पाइप मारवला. तांदूळ टपटप खाली पडले. "हे बघा, निघाले सगळे."

"टाकताना मोजले होते का साहेब, सगळे निघाले म्हणायला?" मी म्हटलं.

"तुम्ही टेन्शन फार घेता," ते म्हणाले आणि निघून गेले. जाळी बसली, झाकण बसलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, कंपनीला कुलूप.

पाहुणे आले. दोघे होते, सभ्य माणसं, चहा घेऊन पंपापासून जरा लांब उभे राहिले. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. वेग चढायला लागला. तो आवाज मला अजून कानात आहे, आधी घुमणारा, मग बारीक, मग आणखी बारीक, शिट्टीसारखा. व्हॅक्यूमचा काटा सुंदर उतरत होता. आणि धाडकन आवाज झाला. अख्खा पंप आपल्या बोल्टांवर पिळवटून तिरका झाला, आत पत्रे फाटल्यासारखी करकर झाली आणि सगळं थांबलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. पंपाचं कवच जाड होतं म्हणून. ते मीच जाड ठेवलं होतं.

आणि पंपाचं झाकणही काढलेलं नसताना साहेब पाहुण्यांना काय म्हणाले? "सॉरी. डिझाइनमध्ये प्रॉब्लेम दिसतोय. आमच्या मॅडमनी जरा स्वतःचं डोकं चालवलं."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी नाही, त्यांनी आत जावं.

पाहुणे गेल्यावर मी पंप उघडला. रोटरचा चुरा झाला होता. पाकळ्या मोडून एकमेकींत घुसल्या होत्या. मी एकेक तुकडा बाजूला काढत खाली गेले. अगदी खालच्या स्थिर चक्रात, जिथे पाती जवळजवळ आडवी होती, तिथे दोन पात्यांच्या बेचक्यात तांदूळ अडकलेले सापडले. अर्धवट भरडलेले आणि लाल. तिथूनच मोडतोड सुरू झाली होती, वाकलेल्या पात्यांवरून स्पष्ट दिसत होतं. मी ते चक्र तसंच उचललं आणि केबिनमध्ये जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. फोरमन तिथेच उभा होता.

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. चष्मा काढला आणि विचारलं, "ताट कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या. पण टाकले तुम्ही."

"मी पंपाला ओवाळलं. ताट तुमच्याकडे होतं. कलंडलं असेल." मग फोरमनकडे वळून, "काय रे, तू बघितलंस मी आत टाकताना?"

फोरमन जमिनीकडे बघत म्हणाला, "मी नारल सोलत व्हतो, सायेब."

नारळ! नारळ केव्हाच फुटून त्याचा प्रसाद झाला होता. जाळीचे स्क्रू याच माणसानं काढले, झाकण यानंच हातात धरलं होतं. टाळ्या वाजवणारे बाकीचेही पगार साहेबांकडूनच घ्यायचे, आणि फोटोचा रोलही साहेबांकडेच होता. संध्याकाळी गेटवर तो माझ्यापाशी घुटमळला. "म्याडम, मना पन घर हाय," एवढंच म्हणाला. मी गेटबाहेर चालू लागले. त्याचं मला कळत नव्हतं असं नाही, पण घर काय त्याला एकट्यालाच होतं?

पण केबिनमधलं अजून संपलं नाही. फोरमन बाहेर गेल्यावर साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, "हे बघा, संस्थेला काहीतरी सांगावं तर लागणार. डिझाइन चुकलं म्हटलं, तर विषय तिथेच संपला. पूजेत तुमच्या हातून चुकून तांदूळ पडले म्हटलं, तर डिझाइनवर ठपका नाही, दुसरा रोटर करून परत दाखवता येईल. तुम्ही ठरवा."

किती उदार माणूस! मला निवड दिली. एक तर मी मूर्ख इंजिनियर, नाही तर मी वेंधळी बाई. तिसरं काही, म्हणजे जे खरं होतं ते, त्या टेबलावर कुठे नव्हतंच. आणि बोलताना चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

घरी जाऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "राजीनामा फेक त्याच्या तोंडावर. दुसरी नोकरी मिळेल." मी कुकरसाठी तांदूळ धुवत होते. पाण्याखाली ते बोटांतून निसटत होते आणि मला इतकं रडू फुटलं की भांडं तसंच ठेवलं. राजीनामा देणं सोपं होतं. पण मी गेले की डिझाइन चुकलं हेच खरं होऊन बसणार. तो रोटर परत कुणी कापणार नाही, आणि तो पूर्ण वेगानं फिरला असता की नाही हे कुणाला कधी कळणार नाही. मला मात्र खात्री होती, आणि ती घेऊन मी कुठे जाणार? मी नवऱ्याला म्हटलं, "ठीक आहे, मी वेंधळी ठरते." तो म्हणाला, "मला नाही पटत." मलाही कुठे पटत होतं!

साहेबांनी फोन माझ्याच हातात दिला. संस्थेतल्या त्या सभ्य माणसाला मी माझ्या तोंडानं सांगितलं की पूजेचं ताट माझ्या हातून कलंडलं. तो पलीकडे हसला, आणि वाईट मनानं नाही हसला, त्याचाच जास्त राग येतो. म्हणाला, "असू दे हो, बायकांचा जीव पूजेतच असतो." साहेब समोर बसून मान डोलवत होते.

दुसरा रोटर झाला. फोरमननं पहिल्यापेक्षाही सुरेख कापला आणि माझ्यासमोर न धरता टेबलावर ठेवून गेला. पाहुणे आले, चहा झाला, बटण दाबलं. आवाज चढत चढत बारीक होऊन कानापलीकडे गेला आणि तिथेच राहिला, स्थिर. काटा उतरत उतरत जिथे यायला हवा तिथे आला. पाहुण्यांनी साहेबांशी हात मिळवला. मग साहेबांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "आमच्या मॅडमनी पण खूप मेहनत घेतली, पण यावेळी तांदळापासून लांब ठेवलं त्यांना." सगळे हसले. त्या दिवसापासून ती गोष्ट कंपनीची झाली. नवा कुणी लागला की त्याला चहाबरोबर ती ऐकवायचे.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. पंप मध्यभागी ठेवलेला, गळ्यात माळ. झाकण मी स्वतः आवळून बसवलं होतं आणि पाना माझ्या पर्समध्ये होता. सगळी कंपनी गोल करून उभी. ताट, अर्थातच, माझ्या हातात. साहेबांनीच दिलं होतं, "द्या मॅडमना" म्हणून.

साहेब पुढे आले, तसाच पांढरा शर्ट. कुंकू लावलं, फूल वाहिलं. हात सवयीनं ताटात गेला, ओल्या अक्षतांची मूठ भरली, पंपाच्या वर गेला आणि हवेतच थांबला. झाकणावर टाकायला काही हरकत नव्हती. पण हात खाली येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, डोळे न हलवता. त्यांनी ती मूठ हळूच मागे घेतली आणि शर्टाच्या खिशात रिकामी केली.

मग घसा साफ करून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, ताट जरा लांब धरा हं. मागच्या वर्षीसारखं नको."

हशा पिकला. फोरमनही हसला, खाली बघून. मी दोन पावलं पुढे गेले आणि ताट साहेबांच्या दोन्ही हातांत दिलं. इतकं अचानक की त्यांनी ते धरलंच. म्हटलं, "धरा साहेब. यापुढे तुम्हीच धरा." मी हात पुसले, पंपाचं बटण दाबलं आणि आरती सुरू करायला सांगितलं.

हसू थांबलं. सगळे टाळ्या वाजवत आरती म्हणायला लागले. साहेबांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या, ताट खालीही ठेवता येत नव्हतं. आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला आतून कुंकू फुटत होतं. लाल डाग, मुठीएवढा, आरती चालली होती तसा पसरत गेला. समोरच्या प्रत्येकाला तो दिसत होता. फोरमननं तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवायचा थांबला. त्या डागाबद्दल नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही; तांदळाची गोष्ट मात्र माझ्याच नावानं चालू राहिली.